सुरतेचे दोन माग



सुरत शहरात 'माग' हा शब्द उच्चारला, की ऐकणाऱ्याच्या कानांत प्रथम खटखट सुरू होते ती यंत्रमागांची. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ताप्ती व्हॅली रेल्वेने खानदेश सुरतेला जोडला आणि पुढे त्याच वाटेने जळगाव, धुळे, नंदुरबारकडची माणसे पोटापाण्यासाठी उधना, लिंबायत, दिंडोली या भागांत येऊन वसली. त्यांतील कितीतरी जणांचे सारे आयुष्य मागावर गेले. पण मराठीत हा शब्द दोन अर्थांनी नांदतो. एक माग कापड विणतो. दुसरा धुळीतील पावलांवरून निघून गेलेल्या माणसापर्यंत पोहोचतो. व्युत्पत्तीच्या वादात शिरण्याचे हे स्थळ नव्हे. गेल्या दहा-बारा वर्षांत सुरतेत हा दुसरा मागही यंत्राने चालू लागला आहे, आणि त्याची खटखट मात्र कोणाला ऐकू येत नाही. चौकाचौकांतील खांबांवर बसवलेले कॅमेरे आता नुसते पाहत नाहीत. ते वस्तू ओळखतात, वाहनांचे क्रमांक वाचतात, चेहरे ताडून पाहतात आणि दिसलेल्याचा पाठपुरावा करतात. आजच्या व्याख्यानाचा विषय हा दुसरा माग.

माग काढण्याची विद्या या प्रांताला नवी नाही. गुजरातच्या गावगाड्यात 'पगी' असे. पग म्हणजे पाऊल. पावलांचे ठसे वाचणारा तो पगी. बनासकांठ्यातील रणछोडदास पगी यांनी १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत रणातील ठसे वाचून भारतीय लष्कराला मोलाचे साहाय्य केले, ही गोष्ट आता सर्वश्रुत आहे. महाराष्ट्रात हेच काम जागल्या आणि रामोशी करीत. (१६६४ च्या स्वारीपूर्वी बहिर्जी नाईकांनी सुरतेची खडान्‌खडा माहिती आणली, असेही परंपरा सांगते, सुरतकरांनी ती आठवण कोणत्या भावनेने जपावी हा ज्याचा त्याचा प्रश्न.) परंतु या जुन्या विद्येचा जो भाग सहसा सांगितला जात नाही तोच येथे महत्त्वाचा आहे. चोरीचा माग ज्या गावाच्या शिवेपर्यंत पोहोचे, त्या गावाने तो पुढे दाखवून द्यावा, नाहीतर नुकसान भरून द्यावे, असा दंडक होता. राखणदार रामोशाकडूनही गेलेल्या मालाची भरपाई मागितली जाई. म्हणजे माग काढणारा आपल्या मागाला जामीन असे. 'ठसा याच घराकडे गेला' असे बोट दाखवणाऱ्याला सगळा गाव ओळखत असे, आणि तो चुकला तर उद्या त्याच चावडीवर त्याला उभे राहावे लागे. ती व्यवस्था न्याय्य होती असे मुळीच नव्हे. जातीपातीचा जाच तिच्यात ठासून भरलेला होता आणि संशयाचे बोट कोणाकडे वळणार हे पुष्कळदा आधीच ठरलेले असे. पण बोट कोणाचे, हे तरी माहीत होते.

सुरतेसारख्या शहरात ती चावडी नाही. ओडिशाचा विणकर, सौराष्ट्रातून आलेला हिऱ्याचा कारागीर, उत्तर प्रदेशचा मजूर आणि खानदेशचा माणूस एका गल्लीत राहतात आणि पुष्कळदा एकमेकांचे नावही जाणत नाहीत. जेथे कोणी कोणाला ओळखत नाही, तेथे ओळखण्याचे काम यंत्रावर सोपवावेसे वाटणे स्वाभाविक होय. जानेवारी २०१३ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री नरेंद्र मोदी यांच्या हस्ते सुरत पोलिसांच्या 'सेफ सिटी' प्रकल्पाचे उद्घाटन झाले. पहिल्या टप्प्यात मोक्याच्या ठिकाणी शंभराहून अधिक कॅमेरे बसले आणि पोलीस आयुक्तालयातील नियंत्रणकक्षात एक भलीमोठी पडद्यांची भिंत उभी राहिली. देशातील अनेक शहरांच्या आधी सुरतेने हे केले. त्यातही विशेष असे, की शासकीय तिजोरीबरोबर शहरातील व्यापारी-उद्योजकांचा पैसा या कामी एका न्यासामार्फत उभा राहिला. मुंबईत २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर असाच प्रकल्प मनावर घेतला गेला, पण तो पुरा व्हायला २०१६ साल उजाडले. सुरतेने व्यापाऱ्याच्या झपाट्याने काम उरकले. लोकवर्गणीचे मोल ग्रंथालयाच्या सभासदांना निराळे सांगायला नको. मात्र वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेत वर्षाकाठी एक सर्वसाधारण सभा होते, हिशेब वाचला जातो आणि मागच्या रांगेतील एखादा सभासद उठून अडचणीचा प्रश्न विचारतो, हेही येथे लक्षात ठेवावे.

यंत्र पाहते म्हणजे नेमके काय करते? कॅमेरा दर सेकंदाला साधारण पंचवीस चित्रे घेतो. संगणक प्रत्येक चित्रात परिचित आकार शोधतो, त्याच्याभोवती चौकट आखतो, चौकटीला नाव देतो: माणूस, मोटार, सायकल, पिशवी. मग त्या चौकटीला एक क्रमांक मिळतो. पुढच्या चित्रात ती कोठे असेल याचा अंदाज बांधला जातो, आणि अंदाजाजवळ तशीच चौकट सापडली की क्रमांक कायम राहतो. एवढेच. या विद्येला पन्नास वर्षे होऊन गेली. जपानचे ताकेओ कानादे यांनी १९७३ साली चेहरा ओळखण्यावर प्रबंध लिहिला, आणि १९८१ साली ब्रूस लुकास यांच्यासमवेत हलत्या चित्रातील बिंदूंचा माग काढण्याची रीत दिली. २००१ मध्ये व्हायोला आणि जोन्स यांनी क्षणार्धात चेहरा शोधणारी पद्धत काढली. २०१५ मध्ये जोसेफ रेडमन आणि सहकाऱ्यांनी 'योलो' नावाची पद्धत मांडली. एका दृष्टिक्षेपात साऱ्या चित्रातील वस्तू ओळखणे हे तिचे वैशिष्ट्य, आणि आज रस्त्यावरील अनेक कॅमेरे तिच्याच वंशातील रीतीने चालतात. याच रेडमन यांनी २०२० च्या फेब्रुवारीत जाहीर केले, की या विद्येचा लष्करी उपयोग आणि लोकांच्या खाजगीपणावर होणारे आक्रमण यांकडे डोळेझाक करणे अशक्य झाल्याने आपण या क्षेत्रातील संशोधन थांबवीत आहोत. कारागिराने आपल्याच हत्याराला हात लावायचे नाकारले, ही घटना त्या काळात चार दिवस चर्चेत राहिली आणि मागे पडली.

यंत्र जे शिकले तेच त्याला दिसते. वस्तू ओळखायला शिकवण्यासाठी जगभर वापरला जाणारा एक चित्रसंग्रह २०१४ साली तयार झाला; त्याचे नाव 'कोको'. त्यात ८० प्रकारच्या वस्तू आहेत. छत्री आहे, गाय आहे, हत्ती आहे, अगदी जिराफही आहे. रिक्षा नाही! उधना दरवाज्यापाशी पाच मिनिटे उभ्या राहिलेल्या कोणालाही या यादीवर हसू येईल. केवळ त्या यादीवर तयार झालेले यंत्र रिक्षेला मोटार म्हणते, नाहीतर ट्रक म्हणते. पुढे हैदराबादच्या ट्रिपल आयटी संस्थेने पुढाकार घेऊन भारतीय रस्त्यांचा निराळा चित्रसंग्रह तयार केला आणि त्यात रिक्षेला तिची हक्काची जागा मिळाली. दृष्टीलाही मायदेश असतो तो असा.

माणूस बसआड गेला की चौकट हरवते. बसमागून बाहेर आलेला तोच काय, हे यंत्र पुष्कळदा कपड्याच्या रंगावरून ठरवते. आता रिंग रोडवरील कापडबाजार डोळ्यांसमोर आणावा. एकाच छापाच्या साड्या हजारोंनी जेथे निघतात, आणि ताक्यांचे गठ्ठे डोक्यावर घेतलेल्या हमालांचे चेहरे जेथे सावलीत बुडालेले असतात, तेथे कपड्यावरून माणूस ओळखणे किती भरवशाचे? गणेशविसर्जनाच्या मिरवणुकीत एकाच रंगाचे फेटे बांधलेले मंडळाचे कार्यकर्ते गुलालात न्हाऊन निघतात, तेव्हा एकाचा क्रमांक दुसऱ्याला चिकटतो. गर्दी मोजायला आणि चेंगराचेंगरीचा धोका वेळीच ओळखायला असा कॅमेरा उत्तम, कारण तेथे कोण आहे याला महत्त्व नसते, किती आहेत याला असते. हा भेद धोरण ठरवणाऱ्यांच्या बोलण्यात क्वचितच ऐकू येतो.

वाहनांच्या पाट्यांची गंमत निराळी. मराठी माणसाने ४१४१ चे 'दादा' आणि २१४ चे 'राम' करून देवनागरी अंकांच्या लवचीकपणाला एक लोककलाच बहाल केली. पाटी रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत असावी असा नियम आहे, तो पाळला कमी गेला. पाटी वाचणाऱ्या यंत्रापुढे दादा आणि राम दोघेही निष्प्रभ ठरले, आणि १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना एकसारख्या सुरक्षित पाट्या सक्तीच्या झाल्यावर ती कला अस्तास गेली. सुरतेत घरपोच येणाऱ्या 'मेमो'वर वाहनाचे छायाचित्र असते आणि पुष्कळांना त्यामुळे खरोखर शिस्त लागली, हे मान्य करावे लागेल. मात्र भामट्याने दुसऱ्याच्याच क्रमांकाची खोटी पाटी लावली, तर मेमो भलत्याच घरी जातो आणि आपण त्या दिवशी त्या चौकात नव्हतो हे सिद्ध करण्याचे ओझे निरपराध माणसावर येते. नसणे सिद्ध करणे किती कठीण, हे न्यायशास्त्राचा विद्यार्थी सांगेल.

पाटी बदलता येते, चेहरा बदलता येत नाही. अरबी-फारसीतून आलेल्या 'सूरत' या शब्दाचा अर्थच चेहरा. या नावाच्या शहराने २०१५ साली जपानच्या एनईसी कंपनीची चेहरे ओळखणारी यंत्रणा घ्यावी, हा योगायोग भाषेच्या अभ्यासकाला गमतीचा वाटेल. देशात पोलिसांनी अशी यंत्रणा प्रत्यक्ष वापरात आणल्याच्या पहिल्या काही उदाहरणांत सुरतेची गणना होते. गुन्हेगारांची छायाचित्रे आधी साठवलेली असतात. कॅमेऱ्यात आलेला चेहरा त्यांच्याशी ताडला जातो आणि साम्य ठरावीक मर्यादेपलीकडे गेले, की पडद्यावर सूचना उमटते. येथे एक साधे त्रैराशिक मांडावे. समजा, यंत्र हजारात एकदाच चुकते. म्हणजे ते फारच चांगले झाले. स्टेशनासमोरून दिवसाकाठी एक लाख चेहरे गेले, तर शंभर निरपराध माणसे रोज संशयित ठरतील. त्या लाखात खरे फरारी किती असतील? दोन? एकही नाही? हजारातील एक ही चूक कागदावर नगण्य दिसते, पण त्या शंभरांतील प्रत्येकाला हटकले जाणार असते. शिवाय चूक सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही. जॉय बुओलामविनी आणि टिमनिट गेब्रू यांनी २०१८ साली अमेरिकेत केलेल्या अभ्यासात चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे सांगणाऱ्या यंत्रांची परीक्षा झाली; गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुकीचे प्रमाण १ टक्क्याच्या आत, तर सावळ्या स्त्रियांच्या बाबतीत ते ३४ टक्क्यांपर्यंत गेले. दिल्लीत हरवलेल्या मुलांच्या शोधासाठी आणलेल्या यंत्रणेची अचूकता २ टक्के असल्याचे २०१८ मध्ये उच्च न्यायालयापुढे आले; पुढल्या वर्षी सांगण्यात आले की ती १ टक्क्याहूनही कमी आहे आणि यंत्राला मुलगा-मुलगीही वेगळी कळत नाहीत.

हे सारे ऐकून कोणी म्हणेल, की मग कॅमेरे काढूनच टाकावेत. तसे म्हणणाऱ्याने सुरतेचा एप्रिल २०१८ आठवावा. पांडेसरा भागात एका लहान मुलीचा मृतदेह सापडला. अंगावर जखमाच जखमा. ती कोण, कोठली, कोणाची, हे सांगणारे एवढ्या मोठ्या शहरात कोणीही पुढे आले नाही. तिच्या नावाची कोणी फिर्याद दिलेली नव्हती. शेकडो वस्त्या, लाखो माणसे, आणि एका लेकराला ओळखणारा एक नाही. तपास पुढे सरकला तो कॅमेऱ्यांतील चित्रणात दिसलेल्या एका काळ्या मोटारीच्या मागावरून. पोलिसांनी ठिकठिकाणचे चित्रण डोळ्यांत तेल घालून पाहिले, मोटार शोधली, मोटारीवरून माणूस शोधला आणि मार्च २०२२ मध्ये सुरतेच्या न्यायालयाने गुन्हा सिद्ध झाल्याचा निकाल दिला. ज्या शहरात त्या मुलीला ओळखणारे कोणी नव्हते, तेथे निर्जीव डोळ्याने तिच्या वतीने साक्ष दिली. तिच्यासाठी तो डोळा उघडा होता हे चांगले झाले. मात्र हेही ध्यानात घ्यावे, की येथे गुन्हा आधी घडला होता, माग नंतर काढला गेला, माग काढणारे अधिकारी नावानिशी न्यायालयात उभे राहिले आणि त्यांची उलटतपासणी झाली. गुन्हा घडण्यापूर्वीच येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचा माग काढून ठेवणे ही निराळी गोष्ट.

या निराळेपणाचा विचार आपल्या न्यायालयांनी फार पूर्वी सुरू केला. खडकसिंग नावाच्या उत्तर प्रदेशातील इसमावर पोलिसांनी पाळत ठेवली होती. रात्री-अपरात्री येऊन ते दार ठोठावीत. डिसेंबर १९६२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने रात्रीच्या घरभेटी घटनाबाह्य ठरवल्या, पण माणसाच्या हालचालींवर लक्ष ठेवण्यात काही गैर मानले नाही, कारण घटनेत खाजगीपणाचा हक्क सांगितलेला नाही. न्या. सुब्बा राव यांनी त्या वेळी भिन्न मत नोंदवले: पाळतीखालचा माणूस हालचाल करतो खरा, पण मोकळेपणाने नव्हे. त्या अल्पमताला बहुमत व्हायला ५५ वर्षे लागली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. परंतु त्याच कायद्याच्या १७ व्या कलमाने केंद्र शासनाला, राज्याची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी शासकीय यंत्रणांना त्यातून सूट देण्याची मुभा ठेवली आहे. म्हणजे दाराला कडी आली, पण ती एकाच बाजूने लागते.

दरम्यान गुजरात विधानसभेने २०२२ मध्ये सार्वजनिक सुरक्षेचा कायदा करून गर्दीच्या खाजगी आस्थापनांनीही कॅमेरे बसवावेत आणि चित्रण तीस दिवस जपून ठेवावे असे बंधन घातले. जपण्याची मुदत ठरली हे ठीक. तीस दिवसांनंतर ते पुसलेच पाहिजे, असाही आग्रह तितकाच हवा. ग्रंथालयातील देवघेवीच्या नोंदवहीकडे पाहावे. कोणत्या सभासदाने कोणते पुस्तक केव्हा नेले हे तीत असते. एखाद्याने कोणत्या साली कोणती राजकीय पत्रके वाचली, कोणत्या दुखण्यावरची पुस्तके नेली, हे सारे त्या वहीतून कळू शकेल. पण ती वही पुस्तक परत यावे म्हणून ठेवलेली असते. पुस्तक परत आले की तिचे काम संपले. जुने ग्रंथपाल ती वही मेजाच्या खणात ठेवीत आणि शेजाऱ्याने काय वाचले हे कोणी विचारले तर चष्म्यावरून नुसते पाहत. तेवढे पुरे होई.

कॅमेऱ्यामागे जबाबदार माणूस उभा हवा, हे महाराष्ट्रातील एका खटल्याने साऱ्या देशाला शिकवले. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघात अर्जुन खोतकर हे कैलास गोरंट्याल यांच्याविरुद्ध अवघ्या २९६ मतांनी विजयी झाले. उमेदवारी अर्ज भरण्याची मुदत २७ सप्टेंबर २०१४ रोजी दुपारी ३ वाजता संपत होती आणि विजयी उमेदवाराचा अर्ज त्यानंतर आला, असा आक्षेप घेतला गेला. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयात व्हिडिओ कॅमेरे लावलेले होतेच. चित्रण पाहा आणि निकाल द्या, इतके सोपे ते वाटले असेल! पण पुरावा कायद्याच्या ६५-ब कलमानुसार अशा चित्रणाबरोबर यंत्राच्या ताबेदाराचे प्रमाणपत्र लागते, आणि वारंवार मागूनही अधिकारी ते देईनात. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला आणि सर्वसाधारण नियम म्हणून असे प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचे सांगितले. मागणाऱ्याने सर्व प्रयत्न करूनही ते मिळाले नाही, तर त्याला दोष देता येणार नाही, असेही नमूद केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या साक्ष अधिनियमाच्या ६३ व्या कलमात हे प्रमाणपत्र दोन भागांचे झाले आहे: एक यंत्र सांभाळणाऱ्याचे, दुसरे तज्ज्ञाचे. जालन्याच्या एका कचेरीतील घड्याळावरून सुरू झालेला वाद अखेर पगीच्या जामिनकीपाशी येऊन पोहोचला. यंत्राने दाखवले, एवढे पुरत नाही. हे यंत्र ठीक होते आणि हे चित्रण त्याचेच आहे असे सही करून सांगणारा कोणीतरी लागतो.

परंतु ही सही न्यायालयात लागते. चौकात माणसाला हटकताना लागत नाही. म्हणूनच ज्या शहराने हे यंत्र इतरांच्या आधी आणले, त्याने त्याचा ताळेबंदही इतरांच्या आधी मांडावा, ही अपेक्षा गैर ठरू नये. वर्षभरात यंत्राने किती वेळा 'हाच तो' म्हटले, त्यांतील किती वेळा तो खरोखर तोच होता, किती जणांना विनाकारण थांबवले, त्यांची छायाचित्रे नंतर पुसली की ठेवली, इतके चार आकडे छापील कागदावर दरसाल नागरिकांच्या हाती पडावेत. त्यासाठी वेगळी भिंत उभारावी लागणार नाही, की जपानहून काही आणावे लागणार नाही.

पाहणाऱ्याकडेही कोणी पाहावे, असा विचार सर्वोच्च न्यायालयाने केला तो २ डिसेंबर २०२० रोजी, परमवीरसिंग सैनी खटल्यात. देशातील प्रत्येक पोलीस ठाण्यात, प्रवेशद्वारापासून कोठडीपर्यंत, रात्रीही दिसेल आणि आवाजही टिपला जाईल असे कॅमेरे बसवावेत, त्यांचे चित्रण १८ महिने आणि ते शक्य नसेल तर किमान एक वर्ष जपावे, आणि देखरेखीसाठी राज्य व जिल्हा पातळीवर समित्या असाव्यात, असा तो आदेश होता. रस्त्यावरील कॅमेरा चालू ठेवण्यासाठी आजवर कोणत्याही न्यायालयाला हुकूम द्यावा लागलेला ऐकिवात नाही. ठाण्यातील कॅमेऱ्यांच्या बाबतीत मात्र, राजस्थानातील कोठडीमृत्यूंच्या बातमीवरून, ते चालू आहेत की बंद याची सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये पुन्हा स्वतःहून चौकशी सुरू केली.